मतदार यादीत नाव घालण्यापासून बोटाला शाई लागेपर्यंत: लोकसभेच्या मतदानाचं सगळं

१३ मे २०२४, पुण्यात लोकसभेचं मतदान. आमच्या जुन्या सोसायटीतले एक काका, सत्तरी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी सातच्या ठोक्याला रांगेत हजर. खिशात मतदार कार्ड, तेच जुनं, फोटोत केस काळे असलेलं. तासभर उभं राहून आत गेले तर टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, यादीत नाव नाही. काका कार्ड पुढे करतायत, गेल्या वेळेला इथेच केलंय म्हणतायत, मॅडम पण बिचाऱ्या काय करणार. नंतर कळलं की बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा सगळे भाड्याने इकडेतिकडे पांगले, घरोघरी तपासणी झाली तेव्हा तिथे घरच नव्हतं, मग नाव उडालं. नोटीस पाठवली असेलही, पण पाडलेल्या बिल्डिंगच्या पत्त्यावर.

तर पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की कार्ड हे फक्त ओळखपत्र आहे, मत यादीतल्या नावाला असतं. कार्ड नसलं तरी बाकीची ओळखपत्रं चालतात, यादीत नाव नसेल तर मात्र पंतप्रधानांची चिठ्ठी आणली तरी चालत नाही. म्हणून खालचं सगळं वाचायचा कंटाळा आला तरी निदान आधी नाव तरी शोधा, आत्ता, निवडणूक नसताना.

नाव कसं शोधायचं

निवडणूक आयोगाच्या व्होटर्स पोर्टलवर (व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन) जा आणि यादीत नाव शोधण्याचा पर्याय निवडा. तीन प्रकारे शोधता येतं, कार्डावरचा एपिक नंबर टाकून, नोंदवलेल्या मोबाईलवरून, किंवा नाव-वय-जिल्हा अशी माहिती भरून. एपिक नंबरने शोधणं सगळ्यात सोपं, पण जुन्या कार्डावर एमटी ने सुरू होणारा आणि मध्ये तिरप्या रेघा असलेला लांबलचक नंबर असेल तर तो सापडत नाही, आता तीन अक्षरं आणि सात आकडे असा दहाचा नंबर असतो. अशा वेळी नावाने शोधा आणि नाव एकदाच टाकून सोडून देऊ नका. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत जाताना नावांचं काय होतं ते आपल्याला माहितीय, वैशालीची वैशली, दीक्षितचा दिक्षीत. दोन-तीन स्पेलिंगं करून बघा, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बदलून बघा. नेट जमत नसेल तर १९५० या नंबरवर फोन करा, गावाकडे असाल तर बीएलओला गाठा.

बीएलओ म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर, तुमच्या भागाची मतदार यादी सांभाळणारा माणूस, बहुतेक वेळा झेडपीचे गुरुजी, अंगणवाडी सेविका नाहीतर पालिकेतलं कोणीतरी, जे स्वतःचं काम सांभाळून हे करतात, त्यामुळे जरा गोडीत बोला. नाव-नंबर पोर्टलवर मिळतो.

नाव सापडलं की तीन गोष्टी लिहून ठेवा, विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक. लोकसभेची वेगळी यादी नसते, विधानसभेच्या याद्या एकत्र करूनच लोकसभा मतदारसंघाची यादी होते, त्यामुळे एकदा नाव घातलं की दोन्हीकडे चालतं. महानगरपालिका आणि झेडपीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तो वेगळा, पण तोही हीच यादी घेऊन वॉर्डात नाहीतर गटा-गणात तोडतो. म्हणजे फिरून सगळं इथेच येतं.

कोण नोंदणी करू शकतं

भारताचा नागरिक, १८ पूर्ण आणि त्या पत्त्यावर खरंच राहणारा. १९८९ च्या आधी २१ लागायचं, ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ झालं. पूर्वी फक्त १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे, म्हणजे २ जानेवारीला १८ झालेला पोरगा वर्षभर बसून राहायचा. २०२२ च्या ऑगस्टपासून वर्षाला चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झालेल्यांना आधीच अर्ज करून ठेवता येतो, १८ झाल्यावर येणाऱ्या तारखेला तो विचारात घेतात. बारावीतल्या मुलामुलींच्या आईबापांनी हे काम ॲडमिशनच्या गडबडीआधी उरकून टाकावं असं माझं मत.

आता "राहणारा" म्हणजे काय यावर आपल्याकडे फार घोळ. गावाला घर आहे, सातबारावर नाव आहे म्हणून तिथे मत, असं नसतं. कायद्यात स्पष्ट आहे की एखाद्या ठिकाणी नुसतं घर मालकीचं आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी होत नाही. मुंबईत वीस वर्षं राहायचं आणि मत मात्र कोकणात ठेवायचं ही आपली जुनी सवय, मी नावं ठेवत नाही कारण माझंही नाव बरीच वर्षं साताऱ्याकडे होतं आणि गावाला जाऊन मत मी एकदाच दिलं. दोन्हीकडे नाव ठेवणं तर बेकायदेशीरच आहे आणि फॉर्मवर खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि उमेदवाराने मतदारांची ने-आण करायला फुकट गाडी लावणं हा निवडणूक कायद्याने भ्रष्ट प्रकार आहे, तेव्हा त्या गाडीत बसून गावाला जाण्याआधी एवढं माहीत असू द्या.

हॉस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना निवड आहे, आईवडिलांच्या घरचा पत्ता ठेवा नाहीतर हॉस्टेलचा. हॉस्टेलचा ठेवायचा असेल तर कॉलेजचं बोनाफाईड लागतं. बेघर माणसालाही नाव घालता येतं, पुरावा लागत नाही, बीएलओने रात्री त्या जागी जाऊन हा माणूस खरंच इथे झोपतो का ते बघायचं असतं, तेही एकापेक्षा जास्त रात्री.

कुठला फॉर्म

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी. घर बदललं, लग्नानंतर नाव-पत्ता बदलला, कार्ड हरवलं, फोटो भलत्याचाच छापलाय, दिव्यांग म्हणून नोंद करायचीय, या सगळ्यासाठी फॉर्म ८. फॉर्म ७ नाव काढण्यासाठी, म्हणजे घरात कोणी वारलं असेल तर, किंवा यादीतल्या नावावर आक्षेप घ्यायचा असेल तर. फॉर्म ६ए परदेशी राहणाऱ्यांसाठी, त्याबद्दल खाली.

होतं काय की नाशिकहून पुण्याला आलेला माणूस सायबर कॅफेत जातो, कॅफेवाला पटकन फॉर्म ६ भरतो कारण त्याला तोच पाठ असतो, पुण्यात नवीन नाव चढतं आणि नाशिकचं तसंच राहतं. झाला तुम्ही दुबार मतदार. फॉर्म ८ भरून जुना एपिक नंबर दिला तर जुन्या जागेवरून नाव निघून नव्या जागी येतं आणि नंबर तोच राहतो. मात्र आमच्या काकांसारखं नाव यादीतून उडालेलंच असेल तर फॉर्म ८ ला काही अर्थ नाही, तिथे परत फॉर्म ६ च भरावा लागतो.

फॉर्म ६ भरताना

पोर्टलवर मोबाईल नंबरने अकाउंट काढा, ओटीपी येतो, मग फॉर्म. आयोगाच्या ॲपवरूनही होतं. ऑनलाईन नको असेल तर बीएलओकडे किंवा तहसील कार्यालयात, शहरात असाल तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या ऑफिसात कागदी फॉर्म मिळतो. पैसे लागत नाहीत, कुठेच नाही, कोणी मागत असेल तर तो त्याचे मागतोय.

लागतं ते एवढं. पासपोर्ट साईझ रंगीत फोटो, पांढऱ्या बॅकग्राउंडचा, सेल्फी कापून लावू नका कारण तोच पुढे कार्डावर येतो आणि जन्मभर बघावा लागतो. जन्मतारखेचा एक पुरावा: जन्मदाखला, आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट नाहीतर जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं बोर्डाचं सर्टिफिकेट. आणि पत्त्याचा एक पुरावा: लाईट, पाणी किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं नाहीतर पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, रजिस्टर केलेला भाडेकरार, खरेदीखत किंवा महसूल खात्याचा जमिनीचा कागद. बिल वडिलांच्या नावावर असलं तरी चालतं, आणि घरातल्या कोणाचं नाव आधीच यादीत असेल तर त्यांचा एपिक नंबर फॉर्ममध्ये टाका, म्हणजे तुमचं नाव त्याच भागात, त्यांच्या जवळ येतं. नाहीतर नवरा एका शाळेत आणि बायको दुसऱ्या शाळेत मतदानाला, असे प्रकार होतात.

भाडेकरूंचा प्रश्न नेहमीचा, करार रजिस्टर नाही, बिल मालकाच्या नावावर, आधारवर गावाचा पत्ता. आधारवरचा पत्ता आधी बदलून घ्या, तो त्यातल्या त्यात सोपा मार्ग. काहीच नसेल तरी अर्ज करा, बीएलओ घरी येऊन चौकशी करतो आणि त्याला धरून निर्णय होऊ शकतो. घरमालक नको म्हणतो म्हणून नाव न घालणारे बरेच भेटतात, पण मालकाची परवानगी हा प्रकार फॉर्ममध्ये कुठेही नाहीये.

आधार नंबराचं म्हणाल तर तो न दिल्यामुळे अर्ज नाकारता येत नाही. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आयोगानेच सांगितलं होतं की तो सक्तीचा नाही.

मराठी रकान्यात नाव आपोआप टाईप होतं, तिथे थांबा आणि नीट बघा. मशीनला ळ आणि ल कळत नाही, कांबळेंचं कांबले होतं. हे आत्ता सुधारलं की पुढचा फॉर्म ८ वाचतो. शेवटी भरलेलं सगळं एकदा वाचून सबमिट करा, रेफरन्स नंबर येईल त्याचा स्क्रीनशॉट घ्या, कारण स्टेटस त्यावरच कळतं.

पुढे काय होतं तर अर्ज बीएलओकडे जातो, आक्षेपासाठी सात दिवस ठेवतात, बीएलओ घरी येतो किंवा फोन करतो. हा फोन अनोळखी नंबरावरून येतो आणि आपण लोनवाला समजून कट करतो. दोनदा-तीनदा घर बंद सापडलं की अर्ज अडकतो किंवा नामंजूर होतो. तेवढे दिवस फोन उचला. मंजूर झाला की कार्ड पोस्टाने येतं, आणि नोंदणीत मोबाईल नंबर असेल तर ई-एपिक, म्हणजे कार्डाची डिजिटल प्रत, डाउनलोड करता येतं. नामंजूर झाला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही झालं तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. पण बहुतेक वेळा कागद नीट लावून परत अर्ज करणं जास्त लवकर होतं.

कधीपर्यंत

निवडणूक जाहीर झाली की यादी बंद होते असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत नावं चढू शकतात, त्यानंतर मात्र काही होत नाही. पण अर्जावर प्रक्रिया व्हायला वेळ लागतो, म्हणून त्या दिवसाच्या निदान दहा दिवस आधी अर्ज गेलेला पाहिजे. उदाहरण घ्या, २०२४ ला निवडणूक १६ मार्चला जाहीर झाली, पुण्यात उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख २५ एप्रिल होती, मतदान १३ मे. म्हणजे १५ एप्रिलच्या आसपासपर्यंत अर्ज करणाऱ्याला चान्स होता, आणि मे उजाडल्यावर जागे झालेल्याला नव्हता. महाराष्ट्रातल्या ४८ जागा तेव्हा पाच टप्प्यांत झाल्या, गोव्याच्या दोन ७ मेला, त्यामुळे तुमच्या जागेची तारीख वेगळी बघायची, टीव्हीवरची पहिली तारीख नाही.

गोव्यात नोव्हेंबर २०२५ पासून मतदार याद्यांची विशेष सखोल तपासणी सुरू झाली, लोक तिला एसआयआर म्हणतात. अशी तपासणी तुमच्याकडे चालू असेल तेव्हा बीएलओने आणलेला गणना फॉर्म वेळेत भरून द्या, कार्ड आहे ना मग कशाला असं म्हणून बसू नका.

परदेशातले आपले लोक

दुबई, पुणे, न्यू जर्सी असा प्रवास केलेले मित्र दर निवडणुकीला विचारतात की ऑनलाईन मत देता येईल का. नाही. भारतीय पासपोर्ट असेल, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं नसेल, तर फॉर्म ६ए भरून पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर नाव घालता येतं, पण मत द्यायला प्रत्यक्ष त्या केंद्रावर यावं लागतं, ओरिजिनल पासपोर्ट घेऊन. त्यांना मतदार कार्ड मिळत नाही. ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना, मत नाही.

सैन्यातल्यांसाठी सर्व्हिस व्होटर म्हणून वेगळी सोय आहे, त्यांची मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते आणि पोस्टाने परत येते. घरातल्या म्हाताऱ्यांसाठी, म्हणजे ८५ च्या वरच्यांसाठी, आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी घरबसल्या मतदान आहे. त्यासाठी फॉर्म १२ ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो, नंतर नाही. पथक घरी येतं, गुप्तता पाळून मत घेतं, व्हिडिओ शूटिंगही करतात. माझ्या आजीचं वय बसत होतं पण तिने ऐकलं नाही, मी काय आजारी आहे का म्हणाली, आणि रिक्षाने केंद्रावर गेली.

मतदानाच्या दिवशी

आदल्या दिवशी केंद्र कुठे आहे ते परत बघा, गेल्या वेळची शाळा यंदा असेलच असं नाही. बीएलओ वाटतो ती मतदार चिठ्ठी सोबत ठेवा, भाग आणि अनुक्रमांक त्यावर असतो म्हणून काम पटकन होतं, पण २०१९ पासून ती ओळखपत्र म्हणून चालत नाही. ओळखीला मतदार कार्ड, नाहीतर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगा जॉबकार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, सरकारी नोकरीचं ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, यातलं एक. कार्डावर दुसऱ्या मतदारसंघाचा पत्ता असला तरी हरकत नाही, नाव इथल्या यादीत असलं म्हणजे झालं.

मोबाईल आत नेता येत नाही. एकटे जात असाल तर तो कुठे ठेवणार हे आधीच ठरवा, मुंबई-पुण्यात लोक यावरूनच पोलिसांशी हुज्जत घालताना दिसतात. जोडीने गेलात तर आळीपाळीने सांभाळता येतो. कडेवरचं मूल आत नेता येतं. पक्षाची टोपी, उपरणं, बिल्ला घरी, केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही.

वेळ साधारण सकाळी ७ ते संध्याकाळी ६, गडचिरोलीसारख्या ठिकाणी काही भागात लवकर संपते. मेच्या उन्हात आठच्या आत उरकलेलं बरं. सहाला रांगेत असलात तर मत द्यायचा हक्क जात नाही, शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात आणि चिठ्ठी असलेल्या सगळ्यांचं मतदान होईपर्यंत केंद्र चालू राहतं, रात्रीचे नऊ वाजले तरी. तेव्हा कंटाळून रांग सोडू नका. सुट्टीचं म्हणाल तर त्या दिवशी पगारी सुट्टी हा कायद्यातला हक्क आहे, खाजगी कंपनीत आणि रोजंदारीवरही.

आत गेल्यावर पहिला अधिकारी ओळखपत्र बघून नाव-नंबर मोठ्याने वाचतो, पक्षांचे पोलिंग एजंट आपापल्या यादीत खूण करतात. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो (ही शाई म्हैसूरच्या कारखान्यात बनते, १९६२ पासून), रजिस्टरमध्ये सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटचं बटण दाबतो, मग आडोशामागचं मशीन तुमच्यासाठी चालू होतं. तिथे नाव, फोटो, चिन्ह, समोर निळं बटण. एका मशीनवर नोटा धरून १६ बटणं असतात, उमेदवार जास्त असले तर दोन-तीन मशीनं शेजारी शेजारी मांडलेली दिसतील, आपला उमेदवार दुसऱ्यावर असू शकतो.

फोटो आणि चिन्ह नीट बघा, नुसतं नाव नको. २०१४ ला रायगडात अनंत गीते सुनील तटकऱ्यांच्या विरोधात २,११० मतांनी निवडून आले, आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला नऊ हजारांवर मतं पडली होती. मशीनवर उमेदवारांचे फोटो यायला लागले ते त्यानंतर. आणि एका मताने काय होतं म्हणणाऱ्यांसाठी, मुंबई उत्तर पश्चिमचा २०२४ चा निकाल ४८ मतांनी लागला.

बटण दाबलं की लाल लाईट लागतो आणि शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे चिठ्ठी छापणाऱ्या मशीनच्या, काचेत तुमच्या उमेदवाराची चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग खाली डब्यात पडते. ती आपल्याला मिळत नाही. लांब बीप ऐकू आला की मत झालं. चिठ्ठीवर भलतंच चिन्ह दिसलं तर केंद्राध्यक्षांना तिथेच सांगा, ते लेखी घेतात आणि एजंटांसमोर चाचणी मत टाकून बघतात, मात्र आरोप खोटा निघाला तर तो गुन्हा धरतात, तेव्हा खात्री असेल तरच.

अंध किंवा अशक्त मतदार १८ वर्षांवरचा सोबती नेऊ शकतो, पण एक सोबती दिवसभरात एकाच मतदाराला मदत करू शकतो. मशीनवर ब्रेलही असतं.

आणि आत गेलात आणि कळलं की तुमच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलंय, तर आरडाओरडा करून निघून येऊ नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा, टेंडर व्होट म्हटलं तरी कळतं. ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते, शिक्का मारायचा, ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. साध्या मोजणीत ते धरत नाहीत, कोर्टात प्रकरण गेलं तर कामाला येतं, पण तुमच्या नावाने बोगस मत पडलं याची सरकारी नोंद राहते.

आमच्या काकांनी त्या मेमध्येच नव्याने फॉर्म ६ भरला, सहा महिन्यांनी २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा नाव आलेलं होतं, फक्त मराठीत आडनावाचा पहिला ऊ ऱ्हस्व छापलाय. फॉर्म ८ भरायला मी मागे लागलोय, ते म्हणतात मत देता आलं ना, राहू दे.